सूत बघायचा डोळा

म्हैसूरच्या अग्रहारातल्या नरहरी मास्तरांनी शिवलेल्या चौकडीच्या शर्टाचा खिसा शोधून दाखवावा, अशी पैज लागत असे. खिसा असे हो, पण दिसत नसे. कापडावरची उभी रेघ खिशावरच्या उभीला आणि आडवी आडवीला अशी काही चिकटून बसे, की छातीवर सगळी चौकडी सलग वाहत गेल्यासारखी वाटे. बन्नूरचे दत्तोजीराव, निवृत्त हेडमास्तर, तो शर्ट घालून बसमध्ये बसले की तिकीट ठेवायला छाती चाचपत राहत. एकदा कंडक्टर म्हणाला होता, "अय्यो सर, टेलर तुमचा खिसाच शिवायला विसरला की!" दत्तोजीरावांनी ही गोष्ट म्हैसूरभर सांगितली. मास्तरांना पदक नको होतं. ही गोष्ट पुरेशी होती.

अशा या मास्तरांनी सत्यनारायण शेट्टींच्या दुकानाचं चौकडीचं कापड एका महिन्यात तीनदा परत पाठवलं. वाकडं विणलंय म्हणून! तिसऱ्या वेळी शेट्टी स्वतःच अख्खा ताका काखेत मारून भांडायला आले, तेव्हा स्पंदना नेमकी शाळेतून येऊन दुकानाच्या पायरीवर बूट काढत होती.

स्पंदना म्हणजे मास्तरांची नात, दहावीतली. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात तोंडात गूळ धरल्यासारखी गप्प असे. फळा तिला दिसतच नव्हता, आणि दिसत नाही म्हणायची लाज. दोन वर्षं शेजारच्या शरण्याच्या वहीतून उतरवून काढली. मग जूनमध्ये डोळे तपासणारी माणसं शाळेत आली, बिंग फुटलं, आणि चष्मा आला. चष्म्यापाठोपाठ कंठ फुटला. झाडाची पानं खालून एक-एक मोजता येतात, चामुंडीच्या डोंगरावर चढणारी बस गच्चीवरून दिसते, बाईंच्या साडीवर बदकं नसून आंबे आहेत, असे रोज नवे शोध. भाषणाच्या स्पर्धेत ती दुसरी आली, आणि पहिल्या आलेल्या शशांकला त्याच्या भाषणातल्या तीन चुका नीट समजावून घरी परतली. तिची आई वनजा म्हणे, "चष्मा डोळ्याला लावलाय की जिभेला गे?"

तर शेट्टी आले. ताका कटिंगच्या टेबलावर धाडकन आपटला.

"एनु स्वामी हे, नरहरीराव? तीनदा? माझ्या दुकानातून तीनदा?" शेट्टींची घरची भाषा कन्नड, पण चाळीस वर्षं मास्तरांशी बोलून मराठी अंगवळणी पडलेली. राग आला की दोन्ही भाषा एकाच दारातून बाहेर पडायला बघत.

"कापड वाकडं आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "रेघ मध्येच पोट काढते. गिरणीला कळवा."

"गिरणीला काय कळवू? इतर बारा टेलर हेच कापड नेतात. कुणाच्या रेघेला पोट नाही!"

"त्या बारांना सूत बघता येत नाही, त्याला मी काय करू?"

शेट्टींनी खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला. ताका उलगडला. बरोबर आणलेला लोखंडी गज, ज्यानं ते रोज कापड मोजत, तो एका निळ्या रेघेला लावून धरला. "बघा! गज सरळ, रेघ सरळ. आता बोला."

मास्तर वाकले. डावा डोळा घट्ट मिटला, उजवा रेघेवर लावला. ही त्यांची जुनी तऱ्हा. त्यांचे वडील त्यांना शिकवून गेले होते, दोन डोळ्यांनी जग बघावं आणि एका डोळ्यानं सूत. पन्नास वर्षं मास्तरांनी प्रत्येक रेघ, प्रत्येक शिवण, प्रत्येक घडी याच उजव्या डोळ्यानं नेम धरल्यासारखी तपासली होती.

बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "शेट्टी, तुमचा गजसुद्धा वाकलाय."

कापडवाल्याला गज वाकडा म्हणणं म्हणजे देवळाच्या पुजाऱ्याला प्रसाद शिळा म्हणण्यापैकी! शेट्टींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. गज त्यांनी छातीशी धरला.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, आवाज अगदी बारीक. "चाळीस वर्षं याच गजानं मी तुम्हाला कापड दिलं. आज तो वाकडा. सरी, सरी, ठीक आहे. हा ताका ठेवा, नाहीतर पायपुसणं करा. माझ्या दुकानाची पायरी मात्र पुन्हा चढू नका."

आणि चप्पल उलटसुलट घालून ते गेले.

मास्तरांनी खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. स्पंदनानं आईकडे बघितलं. वनजा दुसऱ्या मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिचं मशीन थांबलं होतं, पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि नेमकं हेच स्पंदनाला खटकलं. चष्मा लागल्यापासून असल्या गोष्टी तिच्या नजरेतून सुटत नसत.

"मामंजी, मी चहा ठेवते," म्हणून वनजा आत गेली. स्पंदना पाठोपाठ.

"आई, तुला काय माहीत आहे?"

"काही नाही."

"आई."

वनजानं दाराकडे बघितलं, मग कपाटातून एक घडी केलेला शर्ट काढला. दत्तोजीरावांचा, हिरव्या चौकडीचा. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, त्या दिवशी घालायचा. खिसा दिसत होता! चांगला ढळढळीत दिसत होता, भिंतीवर तिरका टांगलेल्या फोटोसारखा.

"दोनदा उसवून मी नीट लावला," वनजा कुजबुजली. "दोन्ही वेळा त्यांनी तपासला, वाकडा आहे म्हणाले, आणि पुन्हा उसवून असा लावला. आधी इस्त्रीला दोष दिला. पँटची घडी वाकडी येते म्हणून नवी इस्त्री आणली. मग ट्यूबलाइट बदलली. मग गिरणी. आता शेट्टी."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? ज्यांनी मला सुई धरायला शिकवली, त्यांना सुनेनं सांगायचं की तुमचा हात चुकतोय?"

स्पंदना शर्टाकडे बघत राहिली. खिसा वाकडा, गज वाकडा, पँटची घडी वाकडी, आणि ट्यूबलाइटसुद्धा. जगात इतकं सगळं एकदम वाकडं व्हायला लागलं, तर...

"हात नाही चुकत, आई!" ती इतक्या जोरात म्हणाली की चहाचं झाकण पडलं.

तिला भिंतीवरचा एक तक्ता आठवला होता. चष्मा आणायला गेली त्या दिवशी दवाखान्यात तिनं दिसेल ते वाचून काढलं होतं, कँटीनमधल्या चटणीच्या पाटीपासून ते आग विझवायच्या लाल नळकांड्यावरच्या सूचनांपर्यंत. त्यातच एक तक्ता होता, काळ्या रेघांची चौकडी आणि मधोमध एक ठिपका. तेव्हा तिला हसू आलं होतं, अज्जांच्या दुकानातलं कापड इथे कुणी चिकटवलं म्हणून. खाली लिहिलं होतं, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा, रेघा वाकड्या किंवा पुसट दिसल्या तर लगेच दाखवा, उशीर केल्यास गेलेली नजर परत येत नाही.

लगेच. आणि घरातली इस्त्री बदलून दोन महिने झाले होते.

चहा तसाच ठेवून ती बाहेर आली. शेट्टींच्या ताक्याचं टोक तिनं भिंतीवर खिळ्यांना अडकवलं, मधल्या एका चौकोनात खडूनं ठिपका काढला.

"अज्जा, इकडे या. इथे बसा."

"आता तू परीक्षा घेणार माझी?"

"पाच मिनिटं. कापड वाकडं निघालं तर शेट्टींकडे मी जाते भांडायला. मी एकटी पुरे आहे त्यांना."

"ते खरं," मास्तर म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

"सूत बघता तसं बघा. ठिपक्याकडे."

डावा डोळा मिटला. "हे काय, वाकडं! ठिपक्याच्या शेजारी चुणी पडल्यासारखं आहे. आणि ठिपका तू नीट काढला नाहीस, पुसट आहे. बघ की तू."

"मी बघतेय. आता उजवा मिटा आणि डाव्यानं बघा."

मास्तरांनी उजवा मिटायचा प्रयत्न केला. दोन्ही मिटले. पुन्हा केला, तोंड वाकडं झालं, मिशी वर गेली, कान हलला, पण उजवा डोळा काही एकटा मिटेना. जन्मात कधी तो मिटलाच नव्हता! स्पंदनाला हसू आवरेना, दारात उभ्या वनजालाही. शेवटी स्पंदनानं टेबलावरची टाचण्यांची गोल उशी उचलली, उलटी केली आणि मऊ बाजूनं अज्जांच्या उजव्या डोळ्यावर हलकेच धरली.

मास्तर बघत राहिले.

मग त्यांनी स्वतःच ती उशी उजव्यावरून डाव्यावर नेली, परत उजव्यावर, परत डाव्यावर. रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न देत गेली.

"सरळ आहे," ते म्हणाले. "कापड सरळ आहे गे, स्पंदी."

"हो."

"म्हणजे गजही सरळ होता."

"हो, अज्जा."

"आणि दत्तोजीचा खिसा..." त्यांनी वनजाकडे बघितलं. वनजानं मान खाली घातली. "दोनदा नीट लावला होतास तू. मला वाटलं, हिला अजून जमत नाही."

ते उठले आणि भिंतीवरचं कापड काढायला लागले, घाईघाईनं, जणू ते कुणी बघू नये. "बरं. कळलं. कुणाला बोलायचं नाही. दसरा होऊ दे, मग बघू. चौकडीची कामं तोवर घेत नाही म्हणजे झालं."

"नाही," स्पंदना म्हणाली.

"काय नाही?"

"दसरा नाही. उद्या."

"अगं, लोकांना कळलं की नरहरीला सूत दिसत नाही, तर उद्या कोण टाकेल कापड? खिसा गेला तर मी कोण गे?"

एरवी स्पंदनाला उत्तर शोधावं लागत नसे, ते जिभेवर तयारच असे. या वेळी मात्र ती जरा थांबली.

"अज्जा, मी दोन वर्षं लपवलं," ती म्हणाली. "फळा दिसत नाही म्हणून. मला वाटायचं, कळलं तर सगळे आंधळी म्हणतील. शरण्याच्या वहीतून सगळं उतरवलं. तिच्या चुकासुद्धा! गणितात तिला जितके, तितकेच मला. शेवटी काय झालं? काच लावली आणि सगळं परत आलं. पण तुमचं काचेनं परत येणार नाही. तिथे लिहिलं होतं, उशीर झाला तर येतच नाही. दसऱ्यापर्यंत तुम्ही चौकडी घेणार नाही. पण दसऱ्यानंतर घेताच आली नाही तर?"

मास्तरांनी कापडाची घडी केली. एकदा, दोनदा. कडा जुळल्या की नाही ते बघायला सवयीनं डावा डोळा मिटला, आणि तसाच उघडला.

"उद्या शाळा आहे की तुला."

"रजेचा अर्ज लिहिलाय."

"कधी?"

"आत्ता लिहिते. कारण लिहिते, आजोबांचा गज सरळ करायला जाते."

मास्तर हसले. वनजाही हसली, आणि मग डोळ्याला पदर लावून चहा परत गरम करायला आत गेली.

दवाखान्यात डॉक्टर होत्या अन्विता म्हणून, तरुण, बोटांना शाईचे डाग. डोळ्यात थेंब घालून, यंत्रापुढे हनुवटी ठेवायला लावून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग पडद्यावर फोटो दाखवला. नारिंगी गोळा, त्यावर लाल शिरा, झाडाच्या फांद्यांसारख्या, आणि मध्यावर एक गडद जागा.

"हा मॅक्युला," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "मराठीत पीतबिंदू म्हणतात म्हणे. मुगाच्या डाळीएवढा. डोळ्याचा पडदा एवढा मोठा, पण सुई ओवणं, वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळी बारीक नजर इथली. बाकीच्या पडद्याला नुसतं कडेकडेचं दिसतं."

"सगळ्या डोळ्यात मास्तर एवढाच," स्पंदना म्हणाली. "बाकीचे शिकाऊ!"

डॉक्टर हसल्या. "अगदी. तर तुमच्या उजव्या मास्तराच्या खाली नको त्या बारीक शिरा आल्यात, त्यातून पाणी झिरपतंय. पडदा तिथे वर उचलला गेलाय. म्हणून रेघा वाकतात."

मास्तर पुढे वाकले. इतका वेळ ते अंग चोरून बसले होते. "अस्तर ढिलं राहिलं आणि खाली हवा शिरली, की वरचं कापड फुगतं. तसं?"

"तसंच! हे मी आता इतरांनाही असंच सांगणार."

"मग उसवून परत शिवता येतं?"

"उसवायचं नाही. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. महिन्याला एक, आधी तीन. मग बघू."

मास्तरांनी खुर्चीचे हात धरले. "सुई? डोळ्यात?"

"पन्नास वर्षं सुया चालवल्या, अज्जा," स्पंदना म्हणाली, "आता एक सुई तुमच्यावर चालू दे की."

"डोळा बधिर करून देतो," डॉक्टर म्हणाल्या. "खरं सांगते, गेलेलं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही. पण जे आहे ते बहुतेक राखता येईल. आणखी दोन-तीन महिने गेले असते, तर मध्यावर नुसता काळा डाग उरला असता. कुणी आणलं तुम्हाला?"

मास्तरांनी नातीकडे बोट दाखवलं. स्पंदनानं चष्मा वर सरकवला. लाजायचं असतं हे तिला आठवलं, पण तोवर उशीर झाला होता.

पहिल्या इंजेक्शननंतर मास्तर घरी आले ते डोळ्यावर पट्टी बांधून, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःहून सांगायला लागले. कसं कोण जाणे, एकदा सांगितल्यावर त्यांना त्याची गोडीच लागली. "उजव्याचं अस्तर सुटलंय. तोवर डाव्याला कामाला लावलाय." कापड कुणी परत नेलं नाही. उलट चिदंबर फूलवाल्यानं आपली आईसुद्धा तपासायला नेली.

पण डाव्याला कामाला लावायचं म्हणजे उजवा मिटता यायला हवा. मास्तर रोज सकाळी कपडे घालून बघायच्या आरशापुढे उभे राहत आणि सराव करत. स्पंदना बाजूला उभी राहून गाल धरी, भुवई दाबी, "मिशी नाही, अज्जा, डोळा!" म्हणून ओरडे. एकदा मास्तरांना पहिल्यांदाच उजवा डोळा एकटा मिटता आला, नेमक्या त्याच क्षणी दारातून गोदाबाई आत आल्या, ब्लाउजचं माप द्यायला. आरशात त्यांनी बघितलं, सहासष्ट वर्षांचे नरहरी मास्तर आपल्याला डोळा मारताहेत! त्या उंबऱ्यावरच थिजल्या. वनजानं त्यांना बसवून, पाणी देऊन, मॅक्युला समजावून सांगितला. गोदाबाई म्हणाल्या, "समजलं. पण माप तूच घे हं."

दत्तोजीरावांचा शर्ट मास्तरांनी वनजाच्या हाती दिला. "तिसऱ्यांदा लाव. मी बघणारही नाही." लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो बन्नूरहून आला. बायको शेजारी बसलेली, आणि दत्तोजीराव छाती पुढे काढून. खिसा कुठेही नव्हता.

तिसऱ्या इंजेक्शननंतर भिंतीवर पुन्हा शेट्टींचं निळं कापड लागलं. मास्तरांनी टाचण्यांची उशी डाव्या डोळ्यावर धरली.

"ठिपका?" स्पंदनानं विचारलं. या वेळी तिचाच आवाज बारीक होता.

"आहे. जागेवर आहे. पुसट नाही." ते थांबले. "रेघा उतरल्यात. एकच आहे, ठिपक्याच्या डावीकडे, जरा मान वळवून बसलेली. बाकी सरळ."

"ती एक जाईल?"

"न जाईना. तिला ओळखतो आता मी." आणि त्यांनी कात्री मागितली.

कापलं त्यांनी, खिसा लावला त्यांनी, रेघ तपासली शिकाऊ डाव्या डोळ्यानं. चार दिवस लागले, एरवी एक पुरे. मग शर्ट कागदात गुंडाळून आजोबा आणि नात शेट्टींच्या दुकानापाशी गेले. मास्तर पायरीशीच थांबले.

"काय?" आतून शेट्टी म्हणाले. "आत या की!"

"पायरी चढू नका म्हणालात."

"मी काय काय म्हणतो! चिदंबरानं सांगितलं मला सगळं. मीच येणार होतो, पण गज वाकडा म्हणाला होतात ना तुम्ही, मला वाटलं थोडे दिवस अजून रागावून घ्यावं." शेट्टींनी हात धरून त्यांना वर ओढलं.

मास्तरांनी शर्ट पुढे केला. "तुमच्याच ताक्यातला आहे. गज सरळ होता, शेट्टी. मीच..." शेट्टींनी पुढचं बोलू दिलं नाही, तिथेच अंगावरचा सदरा काढून नवा शर्ट चढवला, बटणं लावली, आणि कानामागचं पेन काढून रुबाबात खिशात ठेवायला गेले. पेन पोटावरून घसरून खाली पडलं. उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते छाती चाचपत ओरडले, "अय्यो नरहरीराव, खिसा कुठाय?"

मास्तर इतके हसले की त्यांना ताक्यांचा आधार घ्यावा लागला. मग हळूच नातीकडे झुकले.

"खरं सांग. तुला दिसतो?"

स्पंदनानं चष्मा नीट बसवला आणि बघितलं. खालच्या कोपऱ्यात निळी रेघ निळ्या रेघेपासून किंचित सुटली होती. अगदी धागाभर. नाही म्हणणं सोपं होतं.

"दिसतो," ती म्हणाली. "खाली, उजवीकडे. एक धागा."

"दीड," मास्तर समाधानानं म्हणाले. "तुझा नंबर वाढलाय. उद्या नऊ वाजता तुला घेऊन जातो."